उसने आकडे

९ सप्टेंबर

विहीणबाई,
सप्रेम नमस्कार.

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. एरवी आपलं बोलणं फोनवर होतं आणि ते आपल्या नातीच्या, ठमीच्या ढेकरापासून सुरू होऊन तिच्या झोपेपाशी संपतं. आजचं बोलणं तसं नाही. तुमचा आवाज ऐकला की मी गुळमुळीत होईन, म्हणून कागद घेतला.

तुमच्या गावातल्या विहिरींच्या पाण्यावरचा तुमचा लेख आमच्या नियतकालिकात छपाईसाठी आला, तेव्हा मी त्याला हातही लावला नव्हता. संपादक मी असले तरी आपण विहिणी. त्यामुळे परीक्षक निवडण्यापासून सगळं आमच्या सहसंपादकांनी केलं. लग्नात तुम्ही त्यांना पाहिलंय, जेवताना घड्याळाकडे बघत होते ते. त्यांनी तुम्हाला ऑफिसच्या मेलवर दोनदा लिहिलं. तुमच्याकडून साधी पोचही नाही.

झालंय असं की दूरच्या एका देशातल्या निवृत्त भूजलतज्ज्ञांचं आम्हाला पत्र आलं. त्यांनी फार पूर्वी त्यांच्याकडच्या विहिरींवर एक लेख लिहिला होता. ते म्हणतात, तुमच्या लेखातले तक्ते त्यांचेच आहेत. विहिरींची नावं वेगळी, ओळींचा क्रम वेगळा, आकडे तेच.

मी यावर मत देणार नाही. तो अधिकार या प्रकरणात मला नाही आणि खरं सांगायचं तर धीरही नाही. सहसंपादकांना उत्तर द्या, एवढंच मागते. गप्प बसलात तर लोक स्वतःच्या मनाने उत्तर लिहून मोकळे होतील.

ठमीला पापा.

तुमची विहीण


१६ सप्टेंबर

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

अहो, एवढंसं प्रकरण आणि केवढा तो लिफाफा! मी म्हटलं, मुलीकडच्यांना आता कसला मानपान आठवला.

तुमच्या सहसंपादकांचे मेल मी वाचले होते. उत्तर दिलं नाही कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. मी तीस वर्षं प्रयोगशाळा चालवते. नमुना कसा घेतला, बाटली कशी धुतली, हे सांगणारी वाक्यं जगात सगळीकडे सारखीच असतात. भात कसा शिजवला हे सांगताना कुणी वेगळं काय सांगणार? तुमचं ते जुळणी शोधणारं सॉफ्टवेअर आमचा लेख छापण्याआधी चालवलं होतंत ना? तेव्हा ते काही बोललं नाही. आता एका म्हाताऱ्या गृहस्थांना रिकामा वेळ मिळाला आणि त्यांना आपलं हरवलेलं सगळ्यांच्या घरात दिसायला लागलं.

आकड्यांचं म्हणाल तर त्यांचा खडक आणि आमचा खडक एकाच जातीचा. त्या खडकातून झिरपलेलं पाणी सारखं असणार नाही तर काय? फार तर त्यांच्या लेखाचा उल्लेख राहून गेला असेल. पुढच्या अंकात चार ओळींची दुरुस्ती छापा, संदर्भ जोडा, सुंठीवाचून खोकला जाईल.

लेखामुळे इथे किती चांगलं झालं ते बघा. नव्या वसाहतीची विहीर पाणीपुरवठा खात्याने कित्येक वर्षं बंद ठेवली होती. आमचे आकडे बघून ती सुरू झाली. लोक रस्त्यात थांबवून धन्यवाद देतात. तुमची लेक आणि जावईसुद्धा तेच पाणी पितात, आणि ठमी कशी गुटगुटीत झालीय ते फोटोत बघताच आहात.

उगाच डोक्यात राख घालू नका.

तुमचीच विहीण


२० सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र मी सहसंपादकांना दाखवलं. हे आणि यापुढचं प्रत्येक पत्र त्यांच्या फायलीत जाईल. आधी सांगते म्हणजे मागून राग यायला नको.

वाक्यांबद्दल तक्रार नाहीच. आमचं सॉफ्टवेअर गप्प बसलं याचं कारण सहसंपादकांनी शोधलं. तुमच्याकडून तक्ते चित्र म्हणून आले होते. ते सॉफ्टवेअर अक्षरं वाचतं, चित्र वाचत नाही. ही आमची ढिलाई, आणि ती आम्ही मान्य करतो. यापुढे तक्ते टाइप केलेले आणि यंत्रातून निघालेले मूळ आकडे सोबत असल्याशिवाय कुठलाही लेख पुढे जाणार नाही.

पण आता आकड्यांचं ऐका. त्या गृहस्थांच्या जुन्या लेखात एका विहिरीच्या कॅल्शियमचा आकडा छापताना दशांशचिन्ह सरकलं होतं. त्यांनी पुढच्या वर्षी चूकदुरुस्ती छापली होती. छापलेला आकडा खरा मानला तर त्या पाण्यात चमचा उभा राहील! तोच आकडा, त्याच सरकलेल्या चिन्हासकट, तुमच्या तक्त्यात आहे. खडक एका जातीचे असतील, विहीणबाई. छपाईची चूक खडकातून झिरपत नाही.

सहसंपादकांना तुमच्या यंत्राचे मूळ आकडे हवेत. ते असतील तर आजच पाठवा, मी तुमच्या पायाशी बसून माफी मागेन.

आणि ते नसतील तर? तुमच्याच पत्रातली ती वसाहतीची विहीर वाचल्यापासून मला घास जात नाहीये. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! हे आकडे तिथले नसतील, तर त्या विहिरीचं नायट्रेट कुणी मोजलेलंच नाही. ठमी वरच्या दुधावर आहे, आणि नायट्रेटने तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही. लेक पाणी उकळून त्यात पावडर कालवते. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. हे मी तुम्हाला शिकवावं असं नाही.

लेकीला मी आजच फोन करून विकतचं पाणी वापरायला सांगितलं. का, ते सांगणं तुमच्यासाठी राखून ठेवलं.

तुमची विहीण


२८ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं. फायलीत लावायचं असेल तर हेही लावा, चांगलं वर लावा.

माझ्या पत्राच्या प्रती वाटण्याआधी मला विचारावंसं वाटलं नाही? मी घरच्या माणसाला लिहीत होते. मला वाटलं होतं तुम्ही मध्ये पडून हे थांबवाल. आता कळतंय की ही आग लावली कुणी. लग्नात तुमच्या भावाला मागच्या रांगेत बसवलं म्हणून तुम्ही तेव्हा जे तोंड केलं होतंत ते मी विसरलेली नाही. त्याचा वचपा असा निघेल हे मात्र स्वप्नात नव्हतं.

मूळ आकडे यंत्राच्या कॉम्प्युटरवर होते. तो बदलला. नमुन्यांचं काम माझी सहायक बघत होती, ती नोकरी सोडून गेली. तिला विचारा हवं तर. तरुण मुली, घाईत काय करून ठेवतात, मी कुठवर पुरणार?

आणि पाण्याचं म्हणाल तर सूनबाईने मला तुमच्या फोनबद्दल विचारलं. मी तिला स्वच्छ सांगितलं, “पाणी उत्तम आहे. तुझ्या आईला काळजी करायची सवय आहे.” ती म्हणाली, “बरं, आई.” विषय संपला. माझ्या घरात माझ्या शब्दाला किंमत आहे.

यापुढे मला लिहू नका. तुमच्या सहसंपादकांना माझे वकील लिहितील.


१ ऑक्टोबर

विहीणबाई,

लिहू नका म्हणालात तरी लिहिते आहे. कुरिअरवाल्याला हे तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय.

लेकीला परत फोन केला. या वेळी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, मला तुमच्या दोघींच्या मध्ये घालू नकोस गं,” आणि फोन ठेवला. नंतर उचलला नाही. जावई म्हणाले, “आईने सांगितलंय ना पाणी चांगलं आहे, मग झालं.” तुमच्या शब्दाला किंमत आहे, हे कबूल. म्हणूनच अंगावर काटा येतो.

सहसंपादकांनी पाणीपुरवठा खात्याला कळवलं. खातं म्हणतं, लेख लिहिणाऱ्यांनी तो मागे घेतल्याशिवाय किंवा नवा अहवाल आल्याशिवाय पंप बंद करता येत नाही. म्हणजे तो पंप फक्त तुम्ही बंद करू शकता.

वकील, मानपान, माझा भाऊ, सगळं नंतर. मला एका ओळीत सांगा. ती विहीर तुम्ही तपासली होती का?


१९ ऑक्टोबर

विहीणबाई,

एका ओळीत: नव्हती.

बाकीचं लिहायला इतके दिवस लागले. ते सांगते, मग तुम्हाला जिथे लावायचं तिथे लावा.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. वाचून पहिल्यांदा राग आला. मग मी समोरच्या यंत्राकडे बघितलं. त्यावर अजून आच्छादन आहे. लेखाच्या आधीपासून ते बंद पडलंय, त्याचा एक भाग बाहेरून यायचा होता, तो आलाच नाही. हे मला रोज दिसत होतं. तुम्हाला लिहिताना मी कॉम्प्युटर बदलल्याचं लिहिलं. कॉम्प्युटर बदलला हे खोटं नाही. पण त्यात काही नव्हतंच.

खात्याला अहवाल हवा होता आणि मला तो लेख हवा होता, निवृत्तीआधी एक मोठं काम नावावर असावं म्हणून. मीच तो जुना लेख काढला आणि सहायकेला दिला. म्हटलं, “खडक तोच आहे, आकडे असेच येतील. तक्ते तयार कर.” ती म्हणाली, “मॅडम, निदान वसाहतीच्या विहिरीचा तरी नमुना बाहेर पाठवू या.” मी म्हटलं, “सही माझी आहे. तू कशाला घाबरतेस?” ती नोकरी सोडून गेली ती त्यानंतर. आणि मी तुम्हाला लिहिलं, तिला विचारा.

त्याच दिवशी धुतलेल्या बाटल्या घेऊन मी वसाहतीत गेले. कित्येक वर्षांत मी हाताने नमुना घेतला नव्हता. बाटलीचं झाकण घट्ट लागेना. नमुना वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेला आणि यंत्राशेजारी उभी राहिले. आकडा आला तेव्हा तिथल्या मुलाला म्हटलं, परत लाव. त्याने लावला. तेच. नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर.

तिथून खात्यात गेले. अधिकारी माझं स्वागत करायला उठले, चहा मागवायला लागले. मी म्हटलं, “चहा राहू द्या, पंप बंद करा.”

“पण मॅडम, तुमच्याच लेखात...”

“माझ्या लेखात तुमची विहीर नाहीच. दुसऱ्या कुणाची तरी आहे.”

त्यांना कळेना. मला तीनदा सांगावं लागलं आणि दर वेळी ते मोठ्याने सांगावं लागलं, कारण बाहेर जिना धुण्याचं काम चाललं होतं. तिसऱ्या वेळी शेजारच्या टेबलावरचे लोकही ऐकत होते.

पंप बंद झाला, पण टाक्या भरलेल्या होत्या. म्हणून खात्याचा एक माणूस घेऊन मी दारोदार गेले. लहान मूल आहे का? वरचं दूध देता का? हे पाणी देऊ नका, उकळूनही देऊ नका. मागच्या इमारतीत एक बाई म्हणाली, “आमचं बाळ परवापासून दवाखान्यात आहे. ओठ निळसर पडले होते. डॉक्टर विचारत होते, पाणी कुठलं. आम्ही म्हटलं, तपासलेलं आहे.” विहीणबाई, तिने मला ओळखलं नव्हतं. मी तिला सांगितलं की तपासलं म्हणणारी मीच. तिने हळूच दार लावलं. बाळ आता बरं आहे, घरी आलंय. मी दवाखान्यात रोज जात होते, आत कधी गेले नाही.

आपल्या मुलांच्या घरी मी शेवटी गेले. मुद्दाम नव्हे, पाय तिकडे वळत नव्हते. सूनबाईने दार उघडलं, तिला वाटलं ठमीला बघायला आले. मी चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात गेले आणि किटली ओतून टाकायला लागले. ती म्हणाली, “आई, ते पाणी ओतू नका, ते चांगलं आहे.”

मी म्हटलं, “चांगलं नाही गं, मीच सांगते.”

तेव्हा तिने कोठीच्या दारामागचा पडदा बाजूला केला. आत विकतच्या पाण्याचे कॅन होते. तुमचा पहिला फोन आला त्या दिवसापासून ती ठमीला तेच पाणी देत होती. मी घरी आले की कॅन आत जायचे. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुम्हाला वाईट वाटलं असतं,” ती म्हणाली. “आणि आईला सांगितलं असतं तर ती तुम्हाला लिहायची थांबली असती.”

तुम्हाला तिचा राग आला असेल, मध्ये घालू नकोस म्हणाली म्हणून. येऊ देऊ नका. तिने आपल्या दोघींना न दुखवता मूल सांभाळलं. माझ्या शब्दाची किंमत काय होती ते मी त्या पडद्यामागे पाहिलं. “बरं, आई” म्हणायची आणि माझं ऐकायची नाही, हे तिने किती छान केलं!

मुलगा मात्र बोलत नाही. समोर येतो, ठमीला माझ्या मांडीवर देतो आणि दुसऱ्या खोलीत जातो.

संस्थेने चौकशी समिती नेमली आहे. सहायकेलाही बोलावलंय. तिचं नाव लेखावर माझ्यानंतर आहे, म्हणून सगळे तिच्याकडेच बोट दाखवायला टपलेत. मी दाखवू देणार नाही.

तुमची विहीण


२५ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून लेकीला फोन केला आणि मला का सांगितलं नाहीस म्हणून खरंच भांडले. ती हसली. किती दिवसांनी हसली.

त्या बाळाचं कळल्यावर सहसंपादकांनीही आधी ते आता कसं आहे एवढंच विचारलं. एरवी ते प्रत्येक गोष्टीवर नियमाचा क्रमांक सांगतात.

लेख मागे घेतल्याची सूचना पुढच्या अंकात जाते आहे आणि आमच्या संकेतस्थळावर त्या लेखाच्या प्रत्येक पानावर आडवा शिक्का पडेल. लेख काढून टाकणार नाही. काढला तर लोक जुन्या प्रती खऱ्या मानून वापरत राहतील. त्या गृहस्थांची जाहीर माफीही त्यातच आहे. मसुदा असा: “या लेखातील तक्त्यांमध्ये दुसऱ्या संशोधकाचे पूर्वप्रकाशित आकडे अनवधानाने समाविष्ट झाले असून, लेखात उल्लेखलेल्या विहिरींचे पाणी प्रत्यक्षात तपासलेले नव्हते. सबब हा लेख मागे घेण्यात येत आहे.”

‘अनवधानाने’ हा शब्द माझा. सहसंपादकांना तो नको होता. या प्रकरणात मी तोंड घालायचं नाही हे माझंच ठरलेलं, तरी त्यांच्याशी वाद घातला आणि तो बसवला. म्हटलं, बाई स्वतः विहिरीवर गेली, दारोदार फिरली, नोकरीचे शेवटचे दिवस आहेत, एवढी तरी झाकली मूठ राहू दे. ते म्हणाले, लेखिकेची हरकत नसेल तर राहू द्या.

तुमची सही तेवढी हवी आहे.

तुमची विहीण


३ नोव्हेंबर

विहीणबाई,
सप्रेम नमस्कार.

मसुदा सही करून सोबत पाठवते आहे. ‘अनवधानाने’ मी खोडला आहे. त्या जागी ‘प्रमुख लेखिकेने जाणूनबुजून’ असं लिहिलंय, पुढच्या ‘झाले’चं ‘केले’ केलंय, आणि खाली एक ओळ वाढवली आहे, की सहलेखिकेने याला तेव्हाच हरकत घेतली होती. तुमच्या सहसंपादकांना म्हणावं, तुमचंच बरोबर होतं. तुम्ही माझ्यासाठी भांडलात हे मी विसरणार नाही. पण शब्द तसाच राहिला असता तर त्या मुलीला दुसरी नोकरी कोण देणार होतं? अनवधान दोघींचं धरलं जातं. जाणूनबुजून केलेलं एकीचंच असतं.

समितीसमोर हेच सांगितलं. खोलीत पंखा नव्हता आणि सगळे माझ्याच हाताखाली शिकलेले, कुणी मान वर करेना. एकाने सुचवलं, “मॅडम, यंत्र बंद असल्याच्या ताणामुळे, असं लिहू का?” मी म्हटलं, “यंत्राला कशाला बदनाम करता?” बाहेर बाकावर ती बसली होती. माझ्याकडे बघून उठली, जुन्या सवयीने. मी म्हटलं, “बस गं, आता उठायचं कारण नाही.” तिचे डोळे भरून आले. माझेही. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढून दिली. मी प्यायले.

विभागप्रमुखपद गेलं. निवृत्तीचा निरोप समारंभ होणार नाही, हे बरंच झालं, मला भाषणं ऐकवत नाहीत. खात्याने सगळ्या विहिरींचे नमुने नव्याने घ्यायचं ठरवलंय. ते काम सहायकेला मिळालं आहे. तिने मला विचारलं, “मॅडम, बाटल्या धुवायला याल?” मी हो म्हटलं.

आज सकाळी मुलगा आला. दारातूनच म्हणाला, “ठमीला आज दुपारी तू सांभाळशील का? आम्हाला दोघांना बाहेर जायचंय.” तिच्या दुधाचं पाणी मात्र घरून भरून आणलं होतं, बाटलीवर ‘ठमीला हेच पाणी’ अशी चिठ्ठी लावून. मी ती चिठ्ठी वाचली आणि त्याच पाण्यात दूध कालवलं.

आत्ता ती माझ्या शेजारी पालथी पडून हे लिहिणं बघते आहे. कागद ओढायचा प्रयत्न चाललाय. पुढच्या महिन्यात या. तुमच्या भावालाही घेऊन या.

तुमची विहीण